तुम्ही म्हणाल तसं

श्रीरंग नाईकनवरे वकिलांना पक्षकार शिव्या द्यायचे, आणि बरोबर द्यायचे. हा माणूस फोन उचलायचा नाही. उचललाच तर "कोर्टात आहे" म्हणायचा, आणि मागून मिसळीच्या हॉटेलातला वेटर "तर्री जादा" ओरडत असायचा. पक्षकाराचं नाव विसरायचा, केस विसरायचा, एकदा तर भलत्याच माणसाच्या बाजूनं दहा मिनिटं बोलून बसला होता. देवपूरच्या कोर्टाबाहेर चहा पिणाऱ्या पक्षकारांत जास्त शिव्या कुणाला, वकिलाला की विरुद्ध पार्टीला, यावर वाद चालायचा. नाईकनवऱ्यांचे पक्षकार त्या वादात पडायचे नाहीत. त्यांचं ठरलेलं होतं.

मग त्यांनी 'सलोखा' बसवून घेतला आणि सगळं बदललं.

यंत्र दिसायला काहीच नव्हतं. टेबलाच्या कडेला सुपारीएवढी काळी टिकली, तिच्यावर मोहरीएवढा दिवा, आणि वकिलाच्या कानात हरभऱ्याएवढं बोंडूक. त्या टिकलीतून रडारच्या लहरी निघतात. विमानं शोधतं तेच रडार, फक्त लहरींची लांबी काही मिलिमीटर. समोरच्या माणसाचं हृदय ठोका देतं तेव्हा त्याच्या छातीची कातडी दोन-चार केसांच्या जाडीएवढी हलते. डोळ्याला ते दिसत नाही, लहरींना दिसतं. दुसरीकडं यंत्र आवाज ऐकतं. माणूस घाबरला, दबला, चिडला की घशातले स्वरतंतू ताणले जातात आणि आवाजात बारीक कंप येतो. ठोका आणि कंप, दोन्ही एकत्र करून यंत्र ठरवतं की माणूस आतून शांत आहे की नाही. शांत असेल तर दिवा हिरवा, नाहीतर लाल. आणि मग वकिलाच्या कानात कुजबुजतं. 'नाव घ्या.' 'मुलांची चौकशी करा.' 'पाणी विचारा.' 'आता दोन क्षण गप्प बसा.'

यंत्र मन वाचत नाही, शरीर वाचतं. कंपनीनं माहितीपुस्तिकेत हे छापलं होतं. माहितीपुस्तिका कोण वाचतो?

महिन्याभरात नाईकनवरे गावातले सगळ्यात गोड वकील झाले. पक्षकार यायचा तोंड वाकडं करून आणि जायचा डोळे पुसत. "साहेबांनी माझ्या म्हशीचं बाळंतपण लक्षात ठेवलं हो." साहेबांनी काही ठेवलं नव्हतं. कानातल्या बोंडकानं ठेवलं होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण नंतर कायद्यात दुरुस्ती आली. खटले तुंबले होते, आणि युक्तिवाद असा झाला की सही खोटी करता येते, अंगठा धरून उठवता येतो, पण छातीतला ठोका कुणाला खोटा काढता येत नाही. तेव्हा दिवा हिरवा असताना माणूस तोंडानं राजी झाला, तर तीच त्याची सही. तिला नाव दिलं स्वरसंमती. तसली संमती जोडलेली तडजोड असेल तर पक्षकारानं कोर्टात यायचीही गरज नाही. वकिलानं दाखल करायची, त्याच दिवशी हुकूम. आणि खोटं कशाला बोला, सुरुवातीला फायदाही झाला. भावांनी दटावून आणलेल्या कितीतरी बहिणी हक्कसोडाला 'हो' म्हणाल्या आणि दिवा लाल झाला. भाऊ तोंडं काळी करून परत गेले. लोकांनी यंत्राला हात जोडले. हात जोडले की डोळे मिटतात, ही आपली जुनी खोड.

विशाखा भिंगारदिवे त्या खुर्चीत बसली तेव्हा तिनंही हातच जोडले.

ही बाई एसटीत कंडक्टर. भरल्या गाडीत तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा. दारू पिऊन चढलेल्याला ती घाटात उतरवायची आणि वर "चालत जा, उतरेल" म्हणायची. पण वकिलासमोर बसली की तिची मान खाली. आपल्याकडं डॉक्टर, वकील आणि देव यांच्यासमोर माणूस अर्धा होतो, आणि उरलेला अर्धा चपलांजवळ ठेवून येतो.

नवरा अजिंक्य पुण्यात. दोघं वेगळे होऊन बराच काळ झाला होता. आठ वर्षांची ओवी विशाखाकडं राहायची. आता अजिंक्यनं मुलीचा ताबा मागितला होता. कारण काय, तर विशाखाची ड्यूटी मुक्कामी गाडीवर. संध्याकाळी गाडी डोंगरातल्या गावाला जायची, तिथंच मुक्काम, सकाळी दुधाच्या किटल्या आणि कॉलेजची पोरं घेऊन परत. 'आई रात्री घरी नसते,' असं त्यानं अर्जात लिहिलं होतं. सत्य होतं, पण लिहिलं होतं शिवीसारखं. त्या रात्री ओवी शेजारच्या नदाफ चाचींकडं झोपायची, हे मात्र अर्जात नव्हतं.

"विशाखाताई," नाईकनवरे म्हणाले. नाव बोंडकानं सांगितलं होतं. "ओवी कशी आहे? मागच्या खेपेला दात पडत होता ना तिचा?"

विशाखाचे डोळे भरले. "पडला, साहेब. तिनं पत्र्यावर टाकला."

'पक्षकार थकली आहे,' यंत्र कानात म्हणालं. 'तडजोड सुचवा.'

यंत्राचाही हिशेब सरळ होता. लांबलेली केस म्हणजे चिडलेला पक्षकार, मिटलेली केस म्हणजे टिकलेलं नातं. त्याला तेवढंच शिकवलं होतं. समोरच्या बाजूच्या मोहिते वकिलांकडंही हेच यंत्र, त्यालाही हेच शिकवलेलं.

"हे बघा ताई, कोर्टात तुमच्या ड्यूटीवरून नको नको ते विचारतील. लांबवण्यात अर्थ नाही. मी मोहित्यांशी बोलून काहीतरी मधला मार्ग काढतो. मुलीची शाळा, तिकडची सोय, सुट्टीत भेटणं, सगळं बघतो. चालेल ना?"

मधला मार्ग म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही. तिनं विचारलं नाही. तिला वाटलं, या माणसाला माझ्या पोरीचा पडलेला दात ठाऊक आहे. हा आपला माणूस आहे. कितीतरी दिवस छातीवर ठेवलेला धोंडा तिनं उचलला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला.

"साहेब," ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं."

धोंडा उतरल्यावर माणसाचा श्वास मोकळा होतो. ठोका संथ होतो. आवाजातला कंप जातो.

दिवा हिरवागार झाला.

*

दुसऱ्या आठवड्यात ती सकाळची गाडी घेऊन डेपोत शिरली तर फाटकाशी नदाफ चाची उभ्या. डोक्यावरचा पदर सुटलेला, पायात दोन वेगळ्या चपला.

"अगं, तू मला आधी सांगायचं नाही का," चाची म्हणाल्या.

"काय सांगायचं?"

"ओवीचे वडील आले होते. गाडी घेऊन. मी दार अडवलं, विशाखा. माझी पोरगी आहे म्हटलं, कशी नेता बघते. तर त्यांनी मोबाइल काढला. कोर्टाचा कागद दाखवला. मी म्हटलं, मला कागद वाचता येत नाही, आईला येऊ दे. मग त्यांनी ते लावलं."

"काय लावलं?"

"तुझा आवाज." चाचींनी पदर तोंडाला लावला. "तूच बोलत होतीस त्यात. 'तुम्ही म्हणाल तसं.' पोरगी आतून ऐकत होती. रडत होती ती तोवर. तुझा आवाज ऐकला आणि गप्प झाली. उठली, चपला घातल्या, आणि म्हणाली, चाची, आईनं हो म्हटलंय, मी जाते."

विशाखाच्या हातातलं तिकिटाचं यंत्र चालू राहिलं होतं. त्यातून कोरा कागद बाहेर येत होता.

*

"मी हो कधी म्हटलं?"

ती गणवेशातच आली होती. बाहेर बसलेले पक्षकार ओलांडून थेट आत.

नाईकनवऱ्यांच्या टेबलावर दिवा लाल झाला. 'पक्षकार क्षुब्ध आहे,' बोंडूक म्हणालं. 'आवाज खाली ठेवा. नाव घ्या.'

"विशाखाताई, बसा. पाणी घ्या."

"पाणी तुमच्या त्या टिकलीला पाजा. मी हो कधी म्हटलं?"

"तुमची संमती नोंदवलेली आहे, ताई. स्वच्छ आहे. दिवा हिरवा होता. ऐकवू?"

"ऐकवा."

त्यांनी ऐकवलं. 'साहेब, तुम्ही म्हणाल तसं.' खोलीत तिचाच आवाज, शांत, विश्वासानं भरलेला. तिला स्वतःच्या आवाजाची शिसारी आली.

"यात हो कुठं आहे?"

"अर्थ तोच होतो."

"कुणाच्या घरात होतो? माझा बाप मुकादमाला म्हणायचा, तुम्ही म्हणाल तसं. म्हणजे काय, मुकादमानं त्याचं पोर उचलून न्यावं? आम्ही तसं म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ असतो, की आता हे तुमच्या अंगावर. आता स्वतःचं समजून लढा. तुम्ही माझी पोरगी पुण्याला पाठवली आणि मला महिन्यातून एक शनिवार ठेवलात."

'विषय बदला,' बोंडूक म्हणालं. 'मुलीची चौकशी करा.'

"ओवी कशी आहे?" नाईकनवरे म्हणाले.

म्हणून गेले आणि मग त्यांच्या लक्षात आलं. विशाखा त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिनं बोट दाखवलं, त्यांच्या कानाकडं.

"हे विचारलं का त्यानं? तुम्हाला नाही पडला प्रश्न. त्याला पडला. दात पण त्यालाच ठाऊक होता ना?"

नाईकनवरे तापले. जुना नाईकनवरे कुठं गेला नव्हता, गोडव्याखाली झोपला होता. "हे बघा बाई, कायद्यानं तडजोड झाली आहे. वरच्या कोर्टात जा, कुठंही जा. माझ्याविरुद्ध या गावात कुणी वकील उभा राहत नाही."

"नको राहू दे," विशाखा म्हणाली. "भरल्या गाडीत एकटीच असते मी."

*

कुणी राहिलं नाही. खरंच नाही. एकानं "आमच्यात बसणं-उठणं आहे हो" म्हटलं, दुसऱ्यानं "अर्ज छान लिहिलाय तुम्ही" म्हणून पाठ थोपटली आणि दार लावलं. तडजोड रद्द करा, असा अर्ज घेऊन ती स्वतःच कोर्टात उभी राहिली.

न्यायाधीश श्रीमती टिपणीस. चष्म्यावरून बघणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. कोर्टातही तेच यंत्र होतं. साक्षीच्या पिंजऱ्याच्या कठड्यावर टिकली आणि न्यायाधीशांच्या समोर दिवा.

विशाखानं बोलायला सुरुवात केली आणि दिवा लाल झाला.

मोहिते वकील लगेच उठले. "युवर ऑनर, दिवा बघावा. अर्जदार क्षोभात आहे. त्या दिवशी हीच बाई शांतपणे राजी झाली होती. कोर्टानं कुठलं बोलणं खरं धरायचं, शांत माणसाचं की भडकलेल्या?"

"मुलगी नेल्यावर दिवा हिरवा राहील अशी आई दाखवा मला," विशाखा म्हणाली. "मीच तिला बघून येते."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. टिपणीसबाईंनी नजर वर केली, हसू थांबलं. पण त्यांनी दिव्याकडंही पाहिलं. कायदा कायद्याच्या जागी होता. शांत संमती ग्राह्य, क्षुब्ध तक्रार दुय्यम. म्हणजे ज्याला लुटलं त्यानं आधी शांत व्हावं, मग ओरडावं. असा कायदा करणाऱ्यांच्या घरात कधी कुणी काही नेलं नसावं.

"तडजोड दाखल करणारे वकील हजर आहेत?" त्यांनी विचारलं.

नाईकनवरे पिंजऱ्यात येऊन उभे राहिले. कोट इस्त्रीचा. कानातलं बोंडूक बाहेर काढून खिशात टाकलेलं, कारण कोर्टात त्याला बंदी. त्याच्याशिवाय ते थोडे उघडे वाटत होते.

"युवर ऑनर, संमती पूर्ण कायदेशीर आहे. यंत्राच्या कंपनीकडून तज्ज्ञांचा अहवाल मागवला आहे. तो यायला वेळ लागेल. पुढची तारीख मिळावी, अशी विनंती आहे."

"तोवर मुलगी कुठं राहणार?"

"हुकमाप्रमाणे वडिलांकडं, युवर ऑनर."

"मग तारीख नाही," टिपणीसबाई म्हणाल्या. "अहवालाशिवाय आजच ऐकणार. तयार राहा."

नाईकनवऱ्यांनी मान झुकवली. वीस वर्षं जशी झुकवत आले होते तशीच. छातीत काही हललं नाही, घशात काही ताणलं नाही. अंगवळणी पडलेलं वाक्य आपोआप बाहेर आलं.

"आपण म्हणाल तसं, युवर ऑनर."

दिवा हिरवा झाला.

गोंगाटात शेवटच्या बाकावरून कुणी थांबा पुटपुटला तर कंडक्टरला ऐकू येतो. तो धंद्याचा कान. विशाखा ताठ झाली.

"मॅडम, एक विनंती आहे. साहेब आत्ता काय म्हणाले ते परत ऐकवता?"

"कशाला?"

"ऐकवा ना. माझं सगळ्यांना ऐकवलंत. माझ्या पोरीलाही ऐकवलंत."

टिपणीसबाईंनी बाजूला बसलेल्या लघुलेखकाला खूण केली. त्यानं कळ दाबली.

'आपण म्हणाल तसं, युवर ऑनर.' आणि पडद्यावर ओळ उमटली: स्वरसंमती, विनाअट, शांत अवस्था.

टिपणीसबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ॲडव्होकेट नाईकनवरे, तुम्हाला तारीख हवी होती ना?"

"हवी होती, युवर ऑनर."

"अजूनही हवी आहे?"

"हो, म्हणजे, मिळाली तर."

"मग तुम्ही आज ऐकायला राजी कसे झालात? यंत्र म्हणतंय तुम्ही राजी आहात. मनापासून. विनाअट."

नाईकनवरे हसले. ते हसू कुठं पोचलं नाही. "युवर ऑनर, ते राजी होणं नाही. ती कोर्टात म्हणायची पद्धत आहे. मोठ्यांपुढं आपण तसं म्हणतो. त्याचा अर्थ..."

ते थांबले. अर्थ त्यांच्या तोंडात आला होता आणि बाहेर काढता येत नव्हता.

"माझी पण तीच पद्धत, मॅडम," विशाखा म्हणाली.

मोहिते उठू लागले. टिपणीसबाईंनी त्यांना हातानंच बसवलं.

"तडजोडीत मुलगी वडिलांकडं जाईल, हे शब्द तुम्ही अर्जदाराला सांगितले होते का? हो किंवा नाही. पद्धत सांगू नका."

"मधला मार्ग काढतो, असं सांगितलं होतं."

"हो किंवा नाही."

"नाही."

तडजोड रद्द झाली. ताब्याचा मूळ अर्ज नव्यानं चालणार होता आणि तोवर मुलगी आधी होती तिथंच, आईकडं. हुकमात एक ओळ जास्तीची होती: प्रश्न काय विचारला हे नोंदल्याशिवाय उत्तराला संमती म्हणू नये. यंत्र काही कुणी फेकून दिलं नाही. पुढची केस पुकारली गेली, दिवा पुन्हा मिणमिणू लागला.

*

नाईकनवऱ्यांनी तिला जिन्याखाली गाठलं. बोंडूक कानात परत गेलं होतं.

"विशाखाताई, मनापासून वाईट वाटतं. पुढची सगळी केस मी स्वतः चालवतो. आपलं नातं..."

"कानातलं काढा आणि मग बोला."

त्यांनी इकडंतिकडं बघितलं. काढलं. हाताच्या मुठीत धरलं. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. वर्षभर दुसऱ्यानं पढवलेलं बोलून जीभ परकी झाली होती. बऱ्याच वेळानं, अगदी नवख्या पोरासारखं, त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय पाहिजे?"

"हे पहिल्या दिवशी विचारायचं असतं," विशाखा म्हणाली. "आता फक्त ना हरकत पाहिजे. दुसरा वकील लावायला."

"देतो ना. बोलतो, नोंदवून घ्या."

"बोलू नका." तिनं कागद जिन्याच्या कठड्यावर ठेवला आणि खिशातलं पेन दिलं. "सही करा. हातानं."

त्यांनी केली. वेडीवाकडी आली. तिनं ती उजेडात धरून पाहिली, पास तपासते तशी, आणि घडी घालून बॅगेत टाकली. नमस्कार केला नाही.

*

अजिंक्यनं ओवीला डेपोतच आणून सोडलं. गाडीचं दार उघडलं, पोरगी उतरली, दार लागलं.

मुक्कामी गाडी फलाटाला लागली होती. नदाफ चाची ओवीचा डबा घेऊन बाकावर बसल्या होत्या. विशाखानं पोरीला जवळ घेतलं. ओवीनं घेऊ दिलं. हात मात्र बाजूलाच लोंबत राहिले.

"नवा दात आला का गं? बघू."

ओवीनं तोंड उघडून दाखवलं आणि मिटलं.

"मी आज रजा टाकू? दोघी घरी जाऊ. की चाचींकडं झोपतेस? की माझ्याबरोबर येतेस गाडीत, पुढच्या सीटवर?"

ओवीनं आईकडं पाहिलं. रडली नाही, रुसली नाही. ठोका मोजला असता तर संथ भरला असता. आवाज तर अगदी साफ.

"तू म्हणशील तसं," ती म्हणाली.

चाचींनी मान वळवली.

विशाखा फलाटाच्या फरशीवर खाली बसली, गणवेशासकट, पोरीच्या डोळ्यांच्या उंचीला. तिकिटाचं यंत्र गळ्यातून काढून बाजूला ठेवलं.

"मी म्हणेन तसं नाही," ती म्हणाली. "त्या आवाजात मी 'ओवीला न्या' असं म्हटलं नव्हतं. मला कुणी विचारलंच नव्हतं. मी तुला विचारते. तुला काय पाहिजे?"

ओवी गप्प. दुसरा प्रश्न तिनं विचारला नाही, पहिल्यालाच जागा ठेवली.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. प्रवासी खिडक्यांतून डोकी काढून ओरडू लागले. विशाखानं मागं न बघता हात वर केला आणि भरलेली गाडी थांबवून धरली.